रचना क्र. १० (धक्का आणि समुद्र)

डच चित्रकार पीट मोंद्रियान (१८७२–१९४४) याचे अमूर्त तैलचित्र. १९१५, ८५ × १०८ सेंमी. संग्रह : क्रॉलर-म्यूलर संग्रहालय, ओटरलो (नेदर्लंड्स).

१९१४ च्या उन्हाळ्यात मोंद्रियान पॅरिसहून मायदेशी आला. पहिले महायुद्ध भडकले आणि १९१९ पर्यंत तो अडकून पडला. झीलंड प्रांतातील डोंबर्गचा किनारा त्याच्या परिचयाचा होता. १९०८ पासून त्याने तेथील वाळूच्या टेकड्या, चर्चचा मनोरा आणि समुद्र रंगवला होता. लाटांचा जोर मोडण्यासाठी वाळूतून थेट पाण्यात नेलेल्या लाकडी खुंटांच्या रांगा हे या किनाऱ्याचे वैशिष्ट्य. चित्रातील ‘धक्का’ तो हाच असावा.

चित्रात पांढऱ्या पृष्ठभागावर केवळ काळ्या आडव्या-उभ्या आखूड रेषा आहेत. कुठे त्या एकमेकींना छेदतात, कुठे नुसत्या टेकतात. कोपऱ्यांपर्यंत त्या पोचत नाहीत, त्यामुळे लंबवर्तुळाचा भास होतो. खालच्या बाजूस मध्यभागी उभ्या रेषा दाटतात. तेथून धक्का आत शिरतो. क्षितिज नाही, तरी वर जाताना पाणी दूर जात असल्याचे जाणवते. बेरीज-वजाबाकीच्या चिन्हांशी असलेल्या साम्यामुळे अशा चित्रांना ‘अधिक-उणे’ चित्रे असेही म्हणतात.

या चित्राचा खरा अभ्यास रेखाटनांतूनच करावा लागतो. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयातील ‘धक्का आणि समुद्र ५’ हे कोळसा व जलरंगांतील रेखाटन ८७.९ × १११.७ सेंमी. आहे, म्हणजे तैलचित्राहूनही किंचित मोठे. त्याला पूर्वतयारीचा आराखडा म्हणणे अन्यायाचे ठरेल. लाटेवरील उजेड रेषेत कसा बांधायचा, हा प्रश्न मोंद्रियानने कागदावरच सोडवला. दुसरे महत्त्वाचे रेखाटन व्हेनिसच्या पेगी गुगेनहाइम संग्रहात आहे.

मोंद्रियान १९०९ मध्ये थिऑसॉफिकल सोसायटीचा सभासद झाला होता. उभी रेषा पुरुषतत्त्व व आडवी स्त्रीतत्त्व, हा अर्थ त्यावरून लावला जातो. तो कितपत ताणावा याविषयी मतभेद आहेत. प्रत्यक्ष निरीक्षणाचा वाटा मात्र रेखाटनांत स्पष्ट दिसतो.

१९१५ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात चित्र प्रदर्शित झाले. डच कलावंत थिओ व्हान डूसबर्खने त्याची प्रशंसा केली. त्यातून झालेल्या दोघांच्या परिचयातून पुढे ‘द स्टाइल’ (१९१७) नियतकालिकाची वाट तयार झाली.

‘रेषारचना’ (१९१६–१७) हे याच मालिकेतून पुढे आलेले चित्र. त्यात धक्का ओळखू येत नाही.