दार उघडलं, हे कळायचं कसं?

ज्यांनी हा भाग ऐकला नाही किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हे नेहमीप्रमाणे लिखित रूप. बोलताना जिथे जिथे मी भरकटलो तिथे थोडी काटछाट केली आहे. थोडीच.

विषय अगदी घरगुती आहे. रत्नागिरीत नाचण्याच्या बाजूला आमचं घर आहे. घराला लागून एक शेड. इंग्रजी सिनेमात त्याला गॅरेज म्हणतात, पण आपल्याकडे गॅरेज म्हणजे जिथे गाडी दुरुस्तीला टाकायची ती जागा. तेव्हा शेडच. तिला लोखंडी रोलिंग शटर. आत बाबांची जुनी स्कूटर, पाण्याचा पंप, आंब्याच्या रिकाम्या पेट्या, आजोबांची ट्रंक. आजोबा गेले, आई-बाबा माझ्याकडे पुण्याला आले आणि वर्षातले आठ-नऊ महिने घर बंद राहू लागलं. किल्ली अर्थातच शेजारच्या काकींकडे. ही व्यवस्था माझ्या जन्माच्या आधीपासूनची आहे.

मागच्या उन्हाळ्यात एका सकाळी काकींचा फोन आला, शेडचं शटर एका बाजूने वीतभर वर आहे. आतलं काही गेलं नव्हतं. पण आईची झोप उडाली. आणि मग घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका नातेवाइकाने लिहिलं, "किल्ली त्यांच्याकडेच असते ना?" एवढंच. पुढे प्रश्नचिन्ह. तो मेसेज नंतर डिलीट झाला, पण वाचायचा त्यांनी वाचला होता. मी इंजिनिअर असल्यामुळे सर्वांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, सेन्सर बसवू. आणि सेन्सर बसवता बसवता हा इतिहास वाचत गेलो.

आधी आपल्याच दारापासून. कोकणातल्या जुन्या घराची हद्द म्हणजे जांभ्याचा गडगा आणि त्यात बेडं. दोन खांबांना भोकं, त्यांत आडवे सरकवलेले बांबू. चोर अडवायला नव्हे, गुरं अडवायला. घराच्या दाराला आतून आडसर, म्हणजे भिंतीतल्या खाचेतून ओढायचा जाड लाकडी दांडा. याला आगळ असाही शब्द आहे, संस्कृत अर्गलेवरून आलेला. (आता कोकणात आगळ म्हटलं की कोकमाचंच आठवतं, ते वेगळं.) गंमत बघा, आडसर फक्त आतून लागतो. म्हणजे घरात कायम कोणीतरी असणार, हे गृहीत धरलेलं आहे. बाहेरून कुलूप लावून महिनोन्‌महिने जायचं घर ही कल्पनाच त्या दारात नाही. ती आली चाकरमान्यांबरोबर. माणसं मुंबईच्या गिरण्यांत गेली, आगबोटीने गणपती-शिमग्याला येऊ लागली, आणि मागे राहिलेले म्हातारेही हळूहळू गेले तेव्हा घरं बंद झाली.

दाराची व्यवस्था खरी बघायची तर किल्ल्यांवर. सभासदाच्या बखरीत गडाच्या कारभाराचं वर्णन आहे. हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तिघे एकाच दर्जाचे अधिकारी, आणि कारभार तिघांनी मिळून करायचा. दरवाजाच्या किल्ल्या हवालदाराच्या ताब्यात, पण त्याने एकट्याने मनात आणलं तर गड शत्रूला देता येऊ नये म्हणून बाकीचे दोघे. आमच्या धंद्यात आज यालाच मल्टी-सिग्नेचर म्हणतात आणि त्यावर परिषदा भरवतात. मला यातली रचना आवडते ती यासाठी की संशय माणसावर घेतलेला नाही. कोणीही फितूर होऊ शकतो हे धरूनच व्यवस्था बांधली आहे, त्यामुळे कोणा एकाकडे बोट दाखवायची वेळ येत नाही. आमच्या ग्रुपवर नेमकं उलटं झालं होतं.

गावात मात्र पद्धत निराळी होती. एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाबद्दल जो अहवाल लिहिला त्यात तिचं वर्णन येतं. चोरी झाली की गावच्या जागल्याने चोराचा माग काढायचा. माग शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत गेला की पुढची जबाबदारी त्या गावाची. त्यांनीही माग पुढे नेऊन दाखवायचा, नाही तर भरपाई त्यांच्या गळ्यात. म्हणजे पहारा हे काम होतंच, शिवाय ती आख्ख्या गावावरची देणेदारी होती. आजची अ‍ॅपं चोरी झाल्यावर सहसा भरपाई देत नाहीत, हे जाता जाता.

आणि खोटा अलार्म? तोही आपल्या इतिहासात आहे, आणि भयंकर आहे. पेशव्यांच्या पुण्यात रात्रीची तोफ झाली की रस्त्यावर फिरायला बंदी. १७९१ मध्ये घाशीराम कोतवालाच्या माणसांनी रात्री फिरणाऱ्या काही परगावच्या ब्राह्मणांना पकडून एका कोठडीत कोंडलं. सकाळपर्यंत त्यातले अनेक गुदमरून मेले. शहर खवळलं आणि घाशीरामाला जमावाने दगडांनी ठेचून मारलं. नाटकामुळे आपल्याला घाशीराम माहीत असतो, पण मुळात ती एका सुरक्षाव्यवस्थेची गोष्ट आहे: दिसला की पकडायचा, मग तो कोण आहे ते बघायचं.

कुलपांवर फार रेंगाळत नाही. वकिली सोडलेल्या अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईत लालबागला कुलपं बनवायला सुरुवात केली, आणि पुढची शंभर वर्षं बंद घराच्या कडी-कोयंड्यात बहुधा त्यांच्याच कंपनीचं कुलूप लोंबकळत राहिलं. पण कुलूप दार अडवतं. दार उघडलं हे सांगत नाही.

सांगणारं दार पहिल्यांदा आलं बॉस्टनजवळ. ऑगस्टस पोप नावाच्या माणसाने १८५३ मध्ये पेटंट घेतलं. दाराला किंवा खिडकीला धातूचा संपर्कबिंदू, तिथून तार बॅटरीला, आणि दार उघडलं की सर्किट पूर्ण होऊन विद्युतचुंबकाने घंटेवरचा हातोडा हलवायचा. कल्पना इतकीच. १८५७ मध्ये एडविन होम्सने ते पेटंट विकत घेतलं आणि धंदा उभा केला. पुढे घरातली घंटा वाजण्याऐवजी तारा शहरातल्या एका मध्यवर्ती कचेरीत जाऊ लागल्या. आणि मग एक सुंदर गोष्ट झाली. १८७७ च्या मे महिन्यात होम्सच्या मुलाने बॉस्टनमधल्या बँकांच्या याच अलार्मच्या तारांवर बेलचे नवे टेलिफोन जोडून बघितले. टेलिफोन एक्स्चेंजची अगदी सुरुवातीची जुळणी ही. म्हणजे "चोर आला" सांगायला टाकलेल्या तारांवरून माणसं एकमेकांशी बोलू लागली.

पण पोपच्या रचनेत एक भोक होतं, आणि ते इथे नीट समजून घेऊ, कारण पुढे लागणार आहे. दार उघडलं की सर्किट जुळतं. मग चोराने आधी तारच कापली तर? घंटा कधीच वाजणार नाही, आणि मालक समजेल की सगळं ठीक आहे. उपाय उलटा करायचा: वीज सतत वाहती ठेवायची, आणि ती थांबली की घंटा. दार उघडा नाही तर तार कापा, दोन्हींत प्रवाह तुटतो. आमच्याकडे जुने लोक रात्री पहाऱ्याची हाळी ऐकत झोपायचे, त्यातलं तत्त्वही हेच. हाळी येते तोवर झोपायचं. थांबली की जागं व्हायचं.

आजच्या सेन्सरमधला मुख्य भाग आहे रीड स्विच. बेल लॅबमधल्या वॉल्टर एल्वूडने तो १९३६ मध्ये शोधला. काचेच्या बारीक नळीत लोह-निकेलच्या दोन पात्या, एकमेकींना जेमतेम न टेकलेल्या. चुंबक जवळ आला की टेकतात, लांब गेला की सुटतात. झिजणारं काही नाही, आत धूळ नाही, आणि कोकणाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं, आत खारी हवा नाही.

उरली बिनतारी बाजू. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये भिंतींच्या पलीकडची घंटा रेडिओलहरींनी वाजवून दाखवली आणि बंदुकीची दारू उडवून दाखवली. मधली भिंत पार करून घंटा वाजवणं, हेच तर माझं शेडमधलं काम! आपल्या सरकारला मात्र या लहरींचा फार काळ धाक होता. १९३३ च्या वायरलेस कायद्याने बिनतारी यंत्र परवान्याशिवाय बाळगायला बंदी होती. साधा रेडिओ घरात ठेवायलाही पोस्टात दरवर्षी फी भरून पुस्तिकेवर शिक्का घ्यावा लागे. ते थांबलं १९८० च्या दशकाच्या मध्यात. आजोबांच्या ट्रंकेत ती पुस्तिका अजून आहे. २००५ मध्ये ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त झाला, म्हणून मी आज शेडमध्ये प्रक्षेपक लावू शकतो. आजोबांना ऐकायलाही परवाना लागायचा.

आता एक भरकट, पण ही सोडवत नाही. अमेरिकेत गॅरेजची दारं रिमोटने उघडतात. जुन्या रिमोटमध्ये ठरावीक कोड असायचा, बारा बिटांचा, म्हणजे एकूण ४०९६ शक्यता. २०१५ मध्ये सॅमी कामकर या माणसाने दाखवलं की ते सगळे कोड एकामागे एक पाठवायची गरजच नाही. काही दारांचा रिसीव्हर कोड कुठून सुरू झाला हे बघतच नाही, फक्त शेवटचे बारा बिट तपासतो. मग कोड एकमेकांत गुंफून पाठवले की झालं. ४९,१५२ बिटांऐवजी ४,१०७ बिट. लहान मुलांच्या एका मेसेजिंग खेळण्यातून त्याने दहा सेकंदांच्या आत दार उघडून दाखवलं.

ही गुंफण आपण शाळेत पाठ केली आहे. यमाताराजभानसलगा! लघु-गुरूंचे तीन-तीनचे आठ गण सुटे लिहिले तर चोवीस अक्षरं लागतात. पण या सूत्रात कुठल्याही अक्षरापासून तीन घ्या: यमाता म्हणजे य गण, मातारा म्हणजे म गण, ताराज म्हणजे त गण. असं करत दहा अक्षरांत आठही गण बसतात. गणितात याला डी ब्रॉइन क्रम म्हणतात. वृत्तं पाठ करताना मला मराठीच्या बाईंचा राग यायचा. त्या गॅरेज फोडायला शिकवत होत्या हे उशिरा कळलं. (यातून घ्यायचं ते एवढंच की ठरावीक कोडवाला स्वस्त सेन्सर घेऊ नका.)

तर शेड. पहिल्यांदा आणला तो तयार वाय-फाय सेन्सर फुकट गेला. शटर पोलादी, भिंत जांभ्याची, आणि पावसात जांभा पाणी पिऊन बसतो. २.४ गिगाहर्ट्झची लहर त्यातून घरातल्या राउटरपर्यंत पोचेना. शिवाय पोलादावर चुंबक थेट चिकटवला की त्याचं क्षेत्र पत्राच ओढून घेतो आणि रीड स्विचला काही कळत नाही. मग ८६५ मेगाहर्ट्झचं मॉड्यूल घेतलं, आणि चुंबकाखाली लाकडाचा जाड तुकडा घातला. तुकडा शेडमध्येच पडलेल्या जुन्या फणसाच्या फळीचा. स्विच जमिनीजवळ न लावता वीतभर वर लावला, कारण आमच्याकडे जुलैत शेडमध्ये पाणी येतं. दर पंधरा मिनिटांनी सेन्सर "आहे" एवढंच सांगतो. तीच ती उलटी केलेली घंटा.

हे काम चालू असताना काकी पायरीवर बसून बघत होत्या. मी सांगितलं, वाऱ्याने वगैरे शटर हललं तर कळावं म्हणून. त्या म्हणाल्या, "वाऱ्याने कसं उघडेल? उजवीकडचं कुलूप तू मार्चमध्ये आलास तेव्हापासून लावलेलंच नाही. मला वाटलं मुद्दाम ठेवलंस." मी जाऊन बघितलं. उजव्या बाजूची पट्टी उघडी, आणि कुलूप आत स्कूटरच्या सीटवर. एका बाजूला पकडलेलं शटर दुसऱ्या बाजूने वीतभर वर येतंच, वरची स्प्रिंग ते ओढत असते. ग्रुपवर मी त्याच दिवशी हे लिहिलं. कोणी काही बोललं नाही. एकाने अंगठा टाकला.

आता रोज सकाळी सातच्या सुमारास माझा फोन वाजतो. शेड उघडली. सात-आठ मिनिटांनी, बंद झाली. काकी झाडांना पाणी घालायला पाइप काढतात. ऑगस्टमध्ये एकदा "आहे" येणं थांबलं. मी आधी बॅटरीचा हिशेब केला, मग सर्व्हरचे लॉग बघितले, मग राउटर पुण्यातून चालू होतो का ते बघितलं. निसर्ग वादळात २०२० च्या जूनमध्ये दापोली-मंडणगडकडे कित्येक दिवस ना वीज ना नेटवर्क अशी अवस्था होती, ते आठवून छातीत थोडं धडधडलं. दुपारी शेवटी काकींना फोन लावला.

"अरे, लाइट नाही कालपासनं," त्या म्हणाल्या. "आणि हे विचारायला दुपार कशाला केलीस?"