खाडीकांठची ओसरती वस्ती

मुरुडच्या दक्षिणेस राजपुरीची खाडी समुद्रास मिळते. तिच्या उत्तर तीरावर आगरदांडा हें लहानसें बंदर आहे; पैलतीरीं दिघी. प्रवासी येथें तरीची वाट पाहतो, ती येतांच पलीकडे जातो. या गांवास कांहीं इतिहास असेल ही कल्पनाही त्याच्या मनास शिवत नाहीं.

वस्तुतः ही खाडी फार जुनी व्यापारी वाट होय. आंत मांदाडनजीक कुड्याचीं २६ लेणीं आहेत. तेथील शिलालेखांतील दात्यांत एक माळी आहे, तसाच कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारीही आहे. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं घाटावरचा माणूस या पाण्यापर्यंत येत होता, याची ही साक्ष. पुढें शिवाजी महाराजांनीं दंडा-राजपुरी घेतली. १६७१ च्या शिमग्यांत सिद्दीनें अचानक छापा घालून ती परत मिळविली. १९४८ सालीं जंजिरा संस्थान विलीन झालें.

मग हा कांठ ओसरला कशानें? आपण चटकन् वादळाकडे बोट दाखवितों. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळानें, ताशी १०० किलोमीटरांहून अधिक वेगाच्या वाऱ्यानें, मुरुड-श्रीवर्धन टापूंतील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या, हें खरें. परंतु वादळ हा एका दिवसाचा पाहुणा. नवी पोफळ फळास येईपर्यंत पांच-सात वर्षें शिंपणें व राखण लागते. तेवढे हात घरांत हवेत.

ते हात मुंबईच्या गिरण्यांनीं केव्हांच नेले होते. गांवीं मनिऑर्डर येई, माणूस मात्र शिमग्या-गणपतीपुरताच. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मोडल्या, तरी गेलेले बहुतेक परतले नाहींत. २०११ च्या शिरगणतींत रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांची लोकसंख्या २००१ पेक्षां घटलेली दिसली. रायगडची वाढली खरी. पण त्या वाढींत पनवेलकडील नगरांचा वांटा मोठा, आणि जिल्ह्याच्या बेरजेंत खाडीकांठचीं ओस घरें दिसत नाहींत.

खाडीच्या दोन्ही तीरांवर आतां आधुनिक बंदराचे धक्के उभे आहेत. तेथें किती माल उतरला, हें कचेरींतील वह्या सांगतील. पण पडलेल्या पोफळीच्या जागीं नवें रोप लावून त्यास पाणी घालणारा माणूस गांवांत राहिला कीं नाहीं, यावरूनच त्या बंदराचें मोल आपण ठरवावें.