फाउस्टची कथा आणि तींतील ती मुलगी

एका विद्यार्थ्याच्या आग्रहावरून मीं परवां 'कॅमलॉट' या अमेरिकन वाद्यवृंदाच्या दोन ध्वनिमुद्रिका ओळीनें ऐकल्या. 'एपिका' २००३ सालची, 'द ब्लॅक हेलो' २००५ सालची. दोहोंत मिळून एकच कथा आहे आणि ती फाउस्टची आहे, एवढ्याच लोभानें मी ऐकावयास बसलों. 'पॉवर मेटल' या प्रकाराशीं माझा परिचय नव्हता. आरंभींच ढोलांच्या घाईनें कानठळ्या बसल्या. पुढें मात्र ध्यानांत आलें कीं, या गोंगाटाखालीं ऑपेराची शिस्त आहे. आपल्या संस्कृत नाटकांतील प्रवेशकांसारखे लहान लहान दुवे मध्यें पेरले आहेत. नायकाचे शब्द रॉय खान हा नॉर्वेजियन गायक भरदार गळ्यानें गातो, आणि दुसऱ्या मुद्रिकेंत मेफिस्टोसाठीं शाग्राथ या दुसऱ्या गायकाचा घोगरा, खरखरीत आवाज मुद्दाम आणला आहे. हें ध्वनिमुद्रण झालें तेंही गटेच्याच देशांत, वूल्फ्सबुर्ग येथें.

फाउस्ट नांवाचा एक जादूगार सोळाव्या शतकाच्या आरंभीं जर्मनींत खरोखरच हिंडत होता. १५८७ सालीं फ्रांकफुर्टचा मुद्रक योहान श्पीस यानें त्याची कथा छापली. तींत चोवीस वर्षांच्या करारानें तो आपला आत्मा सैतानास विकतो व मुदत भरतांच नरकांत जातो. मार्लोनें तिचेंच नाटक केलें; त्याचाही शेवट तोच. या दोन्ही ग्रंथांत ग्रीसची सुंदरी हेलन आहे. परंतु फाउस्टनें फसविलेली मार्गारेट, म्हणजे ग्रेटखेन, कोठेंही नाहीं.

ती कोठून आली, हा प्रश्न वाङ्‌मयाचा नव्हे, न्यायालयाचा आहे. फ्रांकफुर्टमधील एका खाणावळींत सुझाना मार्गारेटा ब्रांट नांवाची मोलकरीण होती. एका प्रवाशापासून तिला दिवस गेले. तो निघून गेला, आणि तिनें नवजात मूल मारलें. १४ जानेवारी १७७२ रोजीं तलवारीनें तिचा शिरच्छेद झाला. गटे तेव्हां बावीस वर्षांचा, नुकताच वकील होऊन घरीं परतलेला. १८०८ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'फाउस्ट'च्या पहिल्या भागांत मार्गारेट तान्ह्या मुलाला बुडविते व अंधारकोठडींत वाट पाहते. फाउस्ट सोडवावयास येतो, तरी ती जात नाहीं. ती तरली, अशी वाणी वरून ऐकूं येते.

आतां जें सांगावयाचें, तें गटेच्या भक्तांना रुचणार नाहीं. मलाही तें बरींच वर्षें बोचत आलें आहे. १७८३ सालीं वायमार संस्थानांत योहाना ह्योन या मोलकरणीवर हाच आरोप आला. बालहत्येस देहदंड असावा कीं नसावा, असा प्रश्न राजानें मंत्रिमंडळास विचारला. देहदंड ठेवावा, असें मत पडलें, आणि त्यास मंत्री गटेनें लेखी संमति दिली. २८ नोव्हेंबर रोजीं तिचा शिरच्छेद झाला. मार्गारेटला स्वर्ग देणारा हात तोच.

या इतिहासानंतर मुद्रिकांकडे वळलें म्हणजे नांवांची अदलाबदल प्रथम नजरेंत भरते. फाउस्टचें नांव एरिएल झालें आहे. हा शेक्सपिअरचा वायुपुत्र गटेच्या नाटकांतही वावरतो. मार्गारेटची जागा हेलेनानें घेतली आहे. ज्ञानाच्या ओढीनें एरिएल तिला सोडून जातो, मेफिस्टोशीं करार करतो, आणि ती पोटांतल्या बाळासह नदींत जीव देते. पुढें तिच्यासारखीच दिसणारी मार्गरीट त्याला भेटते. मेफिस्टो येथेंही हरतोच.

हा बदल लहान दिसतो, पण लहान नाहीं. हेलेना स्वतःच मेली म्हणजे न्यायाधीश नको, कोठडी नको, तलवार नको आणि मंत्र्याची संमतिही नको. उरतो फक्त नायकाचा पश्चात्ताप. आणि तो, खरें सांगावयाचें तर, फार सुरेल आहे.

अशी सोय कवि पूर्वींपासून करीत आले आहेत. महाभारतांतील दुष्यंत शकुंतलेला ओळखून नाकारतो. कालिदासानें दुर्वासाचा शाप घातला आणि राजाला विस्मृतीच्या आड उभें केलें. गटेनें 'शाकुंतल' १७९१ सालीं फोर्स्टरच्या जर्मन भाषांतरांतून वाचलें व त्यावर चार ओळींची स्तुति लिहिली. 'फाउस्ट'च्या आरंभींचा रंगभूमीवरील संवाद त्या नाटकाच्या प्रस्तावनेवरून सुचला, असें मानतात. तीं चार पद्यें आपण अभिमानानें सांगतों. शापाविषयीं मात्र फारसें बोलत नाहीं.

'मेमेंटो मोरी' हें दुसऱ्या मुद्रिकेंतील मोठें गीत जवळजवळ नऊ मिनिटांचें आहे, आणि त्यांत एरिएल व मेफिस्टो दोघांचेही आवाज आहेत. तें संपल्यावर मीं पहिली मुद्रिका पुन्हा काढली व हेलेनाचें गीत लावलें. तें जेमतेम दोन मिनिटांचें आहे.