पाइपाची दांडी



इतिहास म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे तलवारी, तह आणि तख्ते उभी राहतात. आज मात्र मी आपणांपुढे तंबाखूच्या पाइपाची दांडी ठेवणार आहे. विषय क्षुद्र वाटेल. पण क्षुद्र वस्तू पुष्कळदा खरे बोलतात.

आपल्याकडे चिलीम ओढणाऱ्यास दांडी लागत नाही. मूठ आणि ओली छापी एवढ्यावर त्याचे भागते. इंग्लंडात सोळाव्या शतकाच्या अखेरीस धूम्रपानाची चाल पसरली, ती पांढऱ्या मातीच्या पाइपातून. वाटी व दांडी एकाच मातीची. ओल्या दांडीतून तार ओवून छिद्र पाडीत आणि मग पाइप भट्टीत भाजीत. किंमत अल्प, त्यामुळे गरिबालाही तो परवडे. फुटला की टाकून देई. परंतु कोरडी भाजलेली माती ओठांस चिकटे, म्हणून कित्येक कारागीर टोकास लाखेचा किंवा काचेचा लेप देत. दातांचे दुखणे मात्र लेपाने टळले नाही. जुन्या दफनभूमींतील सांगाड्यांच्या वरखालच्या दातांत गोल खाचा आढळतात. दातांची कवळी मिटली तरी मध्ये दांडीएवढे भोक उरते. त्या मजुरांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. त्यांची सवय मात्र दातांवर कोरलेली राहिली.

तुर्कस्तानातील लांब चिबुकास चेरीच्या किंवा जाईच्या लाकडाची दांडी असे. लाकूड हलके आणि धूर निववणारे. पण ते तंबाखूचा रस पिते आणि कालांतराने घाण वास मारू लागते. शिंग दातांस मऊ लागते. तथापि लाळेने व उष्णतेने त्याचे पापुद्रे सुटतात. श्रीमंतांनी तृणमणी पसंत केला. बाल्टिक समुद्राच्या काठी सापडणारी ही प्राचीन वृक्षांची अश्मीभूत राळ ओठांस गार लागत नाही, तिला चवही नसते. पण किंमत भारी आणि जात ठिसूळ! हातून निसटली की संपली.

हा पेच सुटला तो रबराने. चार्ल्स गुडइयर ह्यांनी रबर गंधकासह तापवून टिकाऊ करण्याचे पेटंट १८४४ साली अमेरिकेत मिळविले. गंधक पुष्कळ वाढवून ते दीर्घकाळ तापविले, की शिसवीसारखा काळा, कठीण पदार्थ होतो, तेच एबनाइट. नेल्सन गुडइयर ह्यांचे त्यावरील पेटंट १८५१ चे. जुनी शाईची पेने ज्यांनी वापरली त्यांच्या हाताला हे एबनाइट परिचित असेल. ते कातता येते, सहसा फुटत नाही आणि दाताखाली किंचित नमते. दोष एवढाच, की उजेडात ते हिरवट-तपकिरी पडते आणि गंधकाची कडू चव देऊ लागते. पुढे आलेले अ‍ॅक्रिलिक रंग व चकाकी टिकविते. पण दातांस ते अधिक कठीण लागते.

मग सर्वांत मोलाची दांडी कोणती? ओढणारा तृणमणी म्हणेल किंवा एबनाइट म्हणेल. इतिहासकार मात्र फुटलेली माती उचलील. जे. सी. हॅरिंग्टन ह्यांनी १९५४ साली दाखविले, की व्हर्जिनियातील वसाहतींच्या जागी सापडणाऱ्या मातीच्या दांड्यांची छिद्रे काळानुसार बारीक होत गेली आहेत. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात इंचाच्या ६४ भागांपैकी ८ भागांचे छिद्र सर्रास आढळते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते ४ भागांवर येते. एका तुकड्यावरून निवाडा करता येत नाही. पण शेकडो तुकडे मोजले, की वस्तीचा काळ अंदाजाने सांगता येतो. उकिरड्यावर फेकलेला कचराच इतिहासाचे घड्याळ झाला!

जाता जाता आणखी एक साक्ष. जर्मन वैद्य सॉमरिंग ह्यांनी १७९५ सालीच पाइप ओढणाऱ्यांच्या ओठावरील कर्करोगाकडे लक्ष वेधले होते. पुढे कित्येकांनी तापलेल्या मातीच्या दांडीसच दोष दिला. जणू दांडी बदलली म्हणजे दोष गेला. आज आपण जाणतो, की पाइपाच्या धुरानेच ओठ, तोंड व घसा ह्यांचे कर्करोग होतात. माती, लाकूड, शिंग, तृणमणी, रबर असे करीत माणसाने अडीचशेहून अधिक वर्षे दांडी सुधारली. तिच्यातून येणाऱ्या धुराचा विचार करण्यास त्याने फार उशीर लावला.