बिनकामाच्या विषाणूची कुळकथा

1965 साली पिट्सबर्गमध्ये रॉबर्ट ॲचिसन आणि त्यांचे सहकारी ॲडिनोव्हायरसचे नमुने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघत होते. मोठ्या कणांच्या गर्दीत त्यांना इवलेसे कण दिसले. भेसळ वाटलेली ती चीज स्वतंत्र विषाणू निघाली. दुसऱ्या विषाणूची साथ असल्याशिवाय तो वाढत नाही, आणि त्याच्यामुळे माणसाला काही आजार होतो असंही आढळलं नाही. नाव पडलं ॲडिनो-असोसिएटेड व्हायरस, म्हणजे एएव्ही.

ज्याच्यामुळे कोणी आजारी पडत नाही त्याच्यामागे आयुष्य घालवणारे संशोधक निघाले, हेच मला या हकिकतीत सगळ्यांत मोलाचं वाटतं. 1984 साली फ्लोरिडात पॉल हर्मोनॅट आणि निकोलस मुझिक्झ्का यांनी त्याच्यात परकं जनुक बसवून दाखवलं. विषाणू वाहक झाला. जागा मात्र तुटपुंजी, डीएनएची जेमतेम 4,700 अक्षरं. मोठी जनुकं त्यात मावतच नाहीत.

एसएमए (स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी) या आजारावरच्या उपचाराला लागणारं जनुक सुदैवानं छोटं. या आजारात मज्जारज्जूतल्या स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मरत जातात. बाळ मान धरत नाही, पुढे गिळणं आणि श्वासही अवघड होतो. पण शिरेतून दिलेलं औषध त्या पेशींपर्यंत पोचणार कसं? 2009 साली ओहायोत केविन फाउस्ट आणि ब्रायन कास्पर यांच्या चमूनं एक दिवसाच्या उंदराच्या पिल्लाच्या चेहऱ्यावरच्या शिरेत एएव्हीचा नववा प्रकार टोचला. तो रक्तातून थेट मज्जारज्जूत पोचला! पुढच्या वर्षी त्यात ते जनुक घालून आजारी पिल्लांवर प्रयोग झाला. एरवी पंधरवडाभर जगणारी पिल्लं अडीचशे दिवसांवर जगली. तेच औषध दहाव्या दिवशी दिलं, तेव्हा फारसा उपयोग झाला नाही.

2014 साली जेरी मेंडेल यांनी बाळांवर चाचणी सुरू केली. वीस महिन्यांची होईपर्यंत पंधराच्या पंधरा बाळं जिवंत होती. एरवी अशी बहुतेक बाळं दोन वर्षांच्या आत दगावतात. 2019 साली या औषधाला अमेरिकेत परवानगी मिळाली, किंमत 21 लाख डॉलरच्या वर. 2021 साली मुंबईतल्या एका बाळासाठी लोकांनी सुमारे 16 कोटी रुपये उभे केले.

मेलेली चेतापेशी परत येत नाही. म्हणून लक्षणं दिसण्याआधीच निदान व्हायला हवं, आणि त्यासाठी नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेले रक्ताचे चार थेंब पुरतात. आपल्याकडे ही तपासणी सरसकट होत नाही. ती सरकारी प्रसूतिगृहांत सुरू व्हावी, यासाठी आपण सगळ्यांनी आवाज उठवला पाहिजे.