नकाशावरचा लाल ठिपका

परवा दिवाळीत धाकट्या बहिणीचा मुलगा साताऱ्याहून आम्हाला भेटायला सांगलीला आला होता. समुद्रातल्या तेलक्षेत्रांचे आराखडे करणे हे त्याचे काम. तेल सापडले की ते बाहेर कसे काढायचे याचे चार-पाच पर्याय मांडायचे, त्यांची तुलना करायची आणि एकाची शिफारस करायची. फराळाच्या ताटाशेजारी बसून त्याने जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मला रकाने आखून दाखवले. खर्च, वेळ, तेल किती निघेल, दुरुस्ती, जोखीम. मी बी.ए.ला इतिहास घेतलेली बाई, त्यातले अर्धेच कळले. पण जे कळले ते आपण डोळ्यांसमोर घडताना पाहिले आहे असे वाटले, म्हणून हे लिहिते आहे.

१९७४ साल. मी साताऱ्यातल्या एका शाळेत नुकतीच लागले होते, इतिहास-भूगोल शिकवत होते. भारतातले तेल म्हटले की आसामातले दिग्बोई आणि गुजरातेतले अंकलेश्वर, एवढेच मुलांकडून पाठ करून घ्यायचे. आदल्या वर्षीच्या अरब-इस्रायल युद्धानंतर तेलाचा भाव तीन डॉलरवरून बारा डॉलरच्या आसपास गेला होता. रॉकेलच्या रांगेत मीही डबा घेऊन उभी राहिले आहे. अशात फेब्रुवारीत बातमी आली की मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, भर समुद्रात, 'सागर सम्राट' या जपानी बनावटीच्या जहाजाला तेल लागले.

मी वर्गातल्या भिंतीवरच्या नकाशात मुंबईच्या पश्चिमेला लाल शाईने ठिपका काढला. मुख्याध्यापकांनी बोलावून घेतले. "बाई, नकाशा शाळेच्या मालकीचा आहे." मी म्हणाले, "सर, तेलही देशाच्या मालकीचे आहे." ते हसले आणि ठिपका राहिला.

मुलांना वाटले, तेल सापडले म्हणजे संपले. मलाही तसेच वाटले होते. खरा प्रश्न त्यानंतर सुरू झाला, हे भाच्याने आता समजावून सांगितले. तेल आणायचे कसे? एक पर्याय असा की समुद्राच्या तळावरून उरणपर्यंत नळ टाकायचा. तो पक्का, पण तयार व्हायला वर्षे लागणार, आणि तोवर महाग तेल परदेशातून घेत राहायचे. दुसरा पर्याय, थोड्या विहिरी खोदायच्या, तेल तरंगत्या बोयाला बांधलेल्या टँकरमध्ये भरायचे आणि टँकरने किनाऱ्याला आणायचे. हे लवकर होते, पण पावसाळ्यात समुद्र खवळला की टँकर लागणे अवघड.

त्या वेळी दोन्ही केले, एकामागून एक. २१ मे १९७६ रोजी, म्हणजे शोधानंतर सव्वादोन वर्षांत, उत्पादन सुरू झाले ते टँकरवर. १९७८ साली उरणकडे नळ आले. विहिरीला पाणी लागले आणि पाइपलाइनचे कर्ज अजून मंजूर व्हायचे असेल, तर आपला शेतकरी काय करतो? जवळचे चार वाफे भिजवून घेतो. आमच्या टेंभू योजनेचे पाणी आटपाडीकडे असेच टप्प्याटप्प्याने सरकलेले आपण पाहिले. सगळे पूर्ण होईपर्यंत थांबणाऱ्याचे पीक वाळते.

पण घाईच्या पर्यायात एक रकाना रिकामा राहतो. तेलाबरोबर गॅस येतो, आणि गॅस काही त्या टँकरमध्ये भरता येत नाही. तो जाळावा लागतो. नळ आल्यावरही गॅस वापरणारे कारखाने पुरेसे तयार नव्हते, त्यामुळे कितीतरी वर्षे समुद्रात त्याच्या मशाली जळत राहिल्या. पुढे अलिबागजवळच्या थळचा खत कारखाना त्या गॅसवर चालू लागला. तिथला 'उज्ज्वला' युरिया आमच्या उसाला पडला, तेव्हा माझा तो लाल ठिपका सांगलीच्या मळ्यापर्यंत पोचला म्हणायचा!

दुसरा रकाना उपशाच्या वेगाचा. १९८९ च्या सुमारास मुंबई हायमधून रोज चार लाख बॅरलहून अधिक तेल निघत होते. नंतर ते उतरत गेले. फार वेगाने उपसा झाला, अशी टीका तेव्हा झाली. खाली दाब टिकवायचा तर काढलेल्या तेलाच्या जागी पाणी भरावे लागते. खानापूर-आटपाडीच्या माणसाला हे वेगळे शिकवावे लागत नाही. बोअरला पहिल्या वर्षी किती पाणी आहे याला महत्त्व नसते, सातव्या वर्षी किती उरते ते बघायचे असते.

आता त्याच्या आजच्या कामाकडे येते. मुंबई हायला समुद्र उथळ, सुमारे ७५ मीटर. तिथे तळावर लोखंडी पाय रोवून प्लॅटफॉर्म उभे करता आले. विहिरीचे तोंड पाण्याच्या वर, माणसाच्या हाताशी. झडप बिघडली तर पाना घेऊन जायचे. पण पूर्व किनाऱ्यावर कृष्णा-गोदावरीच्या मुखासमोर काही विहिरी दोन किलोमीटरहून खोल पाण्यात आहेत. आमचा अजिंक्यतारा पायथ्यापासून मोजला तर सहा-सात अजिंक्यतारे एकावर एक ठेवावे लागतील. तिथे विहिरीचे तोंड तळावरच ठेवतात. झडपा उघडणे-मिटणे लांबून, वीज आणि तेलदाबाच्या एका जाड केबलमधून चालते. त्या केबलला हे लोक 'नाळ'च म्हणतात. मला तो शब्द फार आवडला.

तळावर माणूस नसतो, म्हणून जीव धोक्यात नसतो. पण दुरुस्तीला जहाज आणि यंत्रमानव पाठवावा लागतो, त्याचा खर्च फार. शिवाय तळाचे पाणी थंडगार. थंडीत काकवी घट्ट होते तसे तेलातले मेण नळात धरते. गॅस आणि पाणी मिळून बर्फासारखे खडे होतात आणि नळ तुंबतो, म्हणून त्यात रसायन सोडत राहावे लागते. विहिरी थोड्या आणि पाणी खोल असेल तर तळावरची रचना परवडते. विहिरी खूप, पाणी उथळ आणि डागडुजी सारखी लागणार असेल तर प्लॅटफॉर्म बरा. आणि सगळे हिशेब शेवटी पोटातल्या साठ्याच्या अंदाजावर. कृष्णा-गोदावरीच्या एका क्षेत्रात २००९ साली गॅस सुरू झाला, आणि वर्ष-दीड वर्षातच अपेक्षेपेक्षा फार लवकर उतरू लागला. तळावरची यंत्रे नवी होती, अंदाज मात्र चुकला होता.

हे ऐकताना मला मात्र २००५ चा जुलै आठवत होता. २६ तारखेला मुंबई बुडाली. इकडे सांगलीत कृष्णा चढत होती, वीज गेलेली. २७ तारखेला संध्याकाळी साताऱ्याहून बहिणीचा फोन. "ताई, मुंबई हायला आग लागलीय." एका जहाजावरच्या स्वयंपाक्याला इजा झाली होती, त्याला प्लॅटफॉर्मवर उतरवताना जहाज लाटांनी प्लॅटफॉर्मच्या उभ्या नळांवर आदळले आणि गॅस पेटला. दोनेक तासांत तो अवाढव्य प्लॅटफॉर्म गेला. ३८४ पैकी ३६२ जण वाचले. २२ जण परत आले नाहीत.

भाचा तेव्हा चौदा दिवसांच्या पाळीवर त्याच भागातल्या दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर होता. बहिणीला त्याचे नाव माहीत नव्हते. तिला एवढेच ठाऊक, मुलगा 'मुंबई हायला' आहे. दोन दिवस फोन नाही. मी मेणबत्तीच्या उजेडात बसून तिला धीर देत होते, आणि पुराचे पाणी कुठल्या पायरीला आले हेही बघत होते. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. "मावशी, आईला सांग, मी बरा आहे." मग गप्प. मग म्हणाला, "इथून दिसत होतं सगळं."

हे त्याला मी परवा आठवून दिले आणि विचारले, "तुझ्या रकान्यांत ते नळ कुठे येतात?" त्याने 'जोखीम' वर बोट ठेवले. म्हणाला, "उभे नळ बाहेरच्या बाजूला, जहाज लागते तिथे ठेवले, तर कागदावर खर्च थोडा कमी दिसतो. आता मी आराखडा करताना हा रकाना पहिला भरतो." मी पेन घेतले, 'जोखीम' खोडले आणि वर 'माणसे' लिहिले. तो काही बोलला नाही. चकली मोडत बसला.

असो. कॅलेंडरचे ते पान मी ठेवून घेतले आहे. साताऱ्याच्या शाळेतला तो नकाशा आता कुठे असणार? पण माझ्या त्या वर्गातले कोणी हे वाचत असेल आणि लाल ठिपका आठवत असेल, तर जरूर कळवा.