रात्रीच्या दरातलं टपाल : बुलेटिन बोर्ड, ई-मेल आणि आपला सातपुडा

आजच्या विषयाची सुरुवात आपण एसटीडी बूथपासून करू. १९९० च्या दशकात रात्री अकराच्या सुमारास बूथसमोर लागलेली रांग तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. अकरानंतर पाव दर लागायचा, म्हणून माणसं जेवणं उरकून, घड्याळाकडे बघत थांबायची. गंमत म्हणजे त्याच काळात जगभरातले हजारो संगणकही हेच करत होते. दिवसभर पत्रं गोळा करायची आणि रात्री दर उतरला की एकमेकांना फोन लावून ती पोचती करायची. ही पद्धत खरं तर सातपुड्यासारख्या भागाच्या सोयीची होती. मग ती आपल्याकडे रुजण्याआधीच का खुंटली, हा आजचा प्रश्न.

आधी बुलेटिन बोर्ड म्हणजे काय ते बघू. सरळ अर्थ सूचनाफलक, आपल्या चावडीवरच्या फळ्यासारखा. फरक एवढाच की हा फळा संगणकात असतो आणि तिथे फोनच्या तारेवरून जायचं असतं. पहिला असा फलक १६ फेब्रुवारी १९७८ रोजी शिकागोत वॉर्ड ख्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस यांनी सुरू केला. एक संगणक, एक मोडेम, एक फोन. एकाने फोन लावायचा, वाचायचं, लिहायचं, फोन ठेवायचा. मग दुसऱ्याची पाळी. पण अडचण अशी की शिकागोच्या फलकावर लिहिलेलं शिकागोतच राहायचं. दुसऱ्या गावच्या फलकावरच्या माणसाला पत्र कसं धाडणार?

याचं उत्तर १९८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या टॉम जेनिंग्ज यांनी काढलं. त्यांचा फलक रात्री आपोआप दूरच्या बाल्टिमोरमधल्या फलकाला फोन लावू लागला. यातूनच फिडोनेट उभं राहिलं. त्यात पुढे तीस हजारांहून जास्त फलक जोडले गेले. याला मध्यवर्ती कचेरी नव्हती, मालक नव्हता. घरात संगणक आणि फोन असलेली हौशी माणसं स्वतःच्या बिलावर हे टपाल चालवत होती.

ही जोडणी करायची कशी? फलक तसाच ठेवायचा आणि त्याच्यापुढे ‘मेलर’ नावाचा दुसरा प्रोग्राम बसवायचा, दारावरच्या माणसासारखा. फोन आला की पलीकडे माणूस आहे की यंत्र, हे तो ओळखतो. माणूस असेल तर आत फलकाकडे सोडतो; यंत्र असेल तर टपालाची देवघेव करतो. मग आणखी एक प्रोग्राम आलेली थैली सोडून पत्रं ज्याच्या त्याच्या खणात टाकतो आणि बाहेर जाणारी पत्रं दाबून, बांधून ठेवतो. कुठल्या फलकाचा नंबर कोणता, याची यादी दर आठवड्याला नवी येते. सुरत-भुसावळ मार्गावर राहणाऱ्या आपल्याला हे समजायला जड नाही. रेल्वेच्या टपालडब्यात वेगळं काय चालायचं? थैली चढवली, पत्रं निवडली, पुढच्या स्टेशनात उतरवली.

वेगाचा हिशेब बघा. २४०० बिटांचा मोडेम सेकंदाला सुमारे २४० अक्षरं पाठवतो. दोन हजार अक्षरांचं पान आठ-नऊ सेकंदांत जातं. म्हणजे रात्री दहा मिनिटं लाइन नीट मिळाली, तरी अख्ख्या तालुक्याची पत्रं निघून जावीत. दिवसभर लाइन बंद असली तरी बिघडत नाही. पत्र थांबतं, हरवत नाही. फक्त अक्षरं रोमन हवीत. देवनागरीसाठी इस्की हे भारतीय मानक होतं. पण त्याला आठ बिट लागायचे आणि वाटेतल्या कित्येक यंत्रणा सातच बिट सांभाळायच्या. मराठी असो की भिली, पत्र लिहायचं ते इंग्रजी अक्षरांत.

भारतात ही विद्या वेळेवर आली होती. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईत जुहूचं राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि पवईचं आयआयटी यांच्यात फोनच्या तारेवरून ई-मेल सुरू झाली. १९८९ मध्ये बंगळुरात सीआयएक्स हा फलक उभा राहिला. तो उभारणारे अतुल चिटणीस यांचं शिक्षण बेळगावचं. मुंबईतही हौशी फलक चालू लागले.

मग घोडं अडलं कुठे? कायद्यात. १८८५ चा भारतीय तार कायदा सांगत होता की तारेवरून निरोप नेण्याचा हक्क सरकारचा, इतरांनी परवाना घ्यावा. १९९० च्या दशकाच्या मध्यात दूरसंचार खात्याने बुलेटिन बोर्ड चालवणाऱ्यांकडे वर्षाला किमान १५ लाख रुपये परवाना शुल्क मागितलं. घरच्या फोनवर हौसेने फलक चालवणाऱ्याने १५ लाख आणायचे कुठून? याविरुद्ध ‘फोरम फॉर राइट्स टू इलेक्ट्रॉनिक एक्स्प्रेशन’ नावाचा मंच उभा राहिला. पण १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने मोठ्या शहरांत सर्वांसाठी इंटरनेट खुलं केलं, आणि फलकांची चर्चा मागे पडली.

आता आपल्याकडे या. नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. तोवर आपण धुळ्यात. निकनेटचा उपग्रह जिल्ह्याच्या मुख्यालयांपर्यंत पोचला होता, पण ती वाट सरकारी कागदांची. अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या माणसाला तिचा उपयोग नव्हता. याच तालुक्यातलं मणिबेली बघा. सप्टेंबर १९९४ मध्ये जागतिक बँकेच्या मोठ्या धरणांविषयीच्या धोरणावर ४४ देशांतल्या ३२६ संस्थांनी सही केलेल्या जाहीरनाम्याला या गावाचं नाव आहे. गावाचं नाव जगभर गेलं. पण गावाहून निघालेला निरोप पायवाटेने, होडीने, माणसाच्या हातून पुढच्या माणसाच्या हाती जायचा. नीट पाहिलं तर हीसुद्धा थांबत थांबत पोचणारी टपालव्यवस्थाच होती. यंत्र नव्हतं, इतकंच.

आम्हाला यातून एक गोष्ट महत्त्वाची वाटते. फलकांच्या टपालाने लाइन तुटणार, हे गृहीत धरलं होतं. आजच्या बहुतेक सोयी लाइन सतत असणार, हे गृहीत धरतात. २०२० मध्ये शाळा फोनवर आल्या, तेव्हा धडगाव भागातली मुलं रेंजसाठी झाडावर चढून बसल्याचे फोटो सगळ्यांनी पाहिले. तेव्हा चर्चा झाली ती टॉवरची, आणि टॉवर हवेतच. पण धडा रात्री केव्हातरी उतरवून घेता आला असता आणि मुलाने तो सकाळी घरी बसून वाचला असता, तर त्या मुलाला झाडावर चढावं लागलं नसतं. ही युक्ती १९८४ पासून जगाला ठाऊक होती. डोंगरातल्या माणसासाठी काही नवं उभारताना पहिला प्रश्न हाच विचारू या : लाइन गेली तर याचं पत्र थांबेल, की हरवेल?